खोडकर अस्वल आणि पहिलीचा वर्ग

टेबलावर सोंगट्यांच्या दोन ओळी मांडलेल्या असतात. दोन्ही ओळींत सोंगट्या तितक्याच, समोरासमोर ठेवलेल्या. चार-पाच वर्षांच्या मुलाला विचारायचं, ‘या ओळीत जास्त, त्या ओळीत जास्त, की दोन्हींत सारख्या?’ मूल म्हणतं, सारख्या. मग मोठा माणूस मुलाच्या डोळ्यांदेखत एका ओळीतल्या सोंगट्या एकमेकींजवळ सरकवतो आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतो. आता बरीच मुलं लांब दिसणाऱ्या ओळीकडे बोट दाखवतात, ‘इथे जास्त.’

जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी अशा प्रयोगांवरून निष्कर्ष काढला, की सहा-सात वर्षांच्या आतल्या मुलाला मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते हे उमगत नाही. डोळ्यांना दिसतं त्यावर ते विसंबतं. हा निष्कर्ष जगभरातल्या अध्यापक विद्यालयांत पोचला. आपल्याकडच्या डी.एड. आणि बी.एड.च्या पुस्तकांतही पियाजेच्या अवस्था वर्षानुवर्षं पाठ केल्या जातात.

एडिंबरा विद्यापीठात मार्गारेट डोनाल्डसन नावाच्या विदुषी होत्या. त्यांनी शिक्षणशास्त्र आणि मानसशास्त्र या दोन्हींचा पदव्युत्तर अभ्यास केला होता. 1974 च्या सुमारास जेम्स मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी हाच प्रयोग एक लहानसा बदल करून पुन्हा केला. या वेळी सोंगट्या मोठ्या माणसाने सरकवल्या नाहीत. एका खोक्यातून एक खेळण्यातलं खोडकर अस्वल बाहेर आलं, त्याने खेळाचा विचका केला आणि ओळ विस्कटली. नंतरचा प्रश्न मात्र शब्दशः तोच होता. चार ते सहा वर्षांची 80 मुलं होती. मोठ्या माणसाने ओळ बदलली तेव्हा त्यांतली 13 मुलं बरोबर होती, अस्वलाने विस्कटली तेव्हा 50.

मुलं तीच होती, सोंगट्याही तितक्याच. बदललं काय, ते कोणत्याही मराठी शाळेत बसलेल्या माणसाला लगेच कळेल. मुलाने उत्तर दिलं आणि बाई म्हणाल्या, ‘परत सांग बघू,’ तर मूल उत्तर बदलतं. तोच प्रश्न दुसऱ्यांदा आला याचा अर्थ पहिलं उत्तर चुकलं, हे शाळेत आलेलं मूल पहिल्या काही दिवसांतच शिकतं. मोठ्या माणसाने मुद्दाम सोंगट्या हलवल्या आणि पुन्हा विचारलं, म्हणजे त्याला काहीतरी वेगळं उत्तर हवं असणार, असा मुलाचा अंदाज असतो. अस्वलाला काही हवं नसतं, त्याने नुसता पसारा केला. या प्रयोगावरही पुढे शंका घेतल्या गेल्या, अस्वलाच्या गमतीत मुलाचं लक्ष सोंगट्यांवरून उडालं असेल असंही काहींनी म्हटलं. पण डोनाल्डसनबाईंनी जो प्रश्न उभा केला तो टिकला. मूल चुकतं तेव्हा ते कशामुळे चुकतं? त्याला समजलेलं नाही म्हणून, की आपण विचारलं त्या पद्धतीमुळे?

मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र हे दोन विषय विद्यापीठात एकत्र का शिकावेत, याला माझ्याजवळ एवढंच उत्तर आहे. नुसतं मानसशास्त्र शिकलेला माणूस चूक मुलाच्या डोक्यात शोधतो. नुसतं अध्यापन शिकलेला माणूस ती पाठाच्या टाचणात शोधतो. चूक मुलाच्या मनात आहे, प्रश्नात आहे, पुस्तकात आहे, लिपीत आहे की वर्गाच्या रीतीत आहे, हे वेगळं करून पाहायचं तर दोन्ही नजरा एकाच माणसाजवळ असाव्या लागतात.

ही दोन शास्त्रं सुरुवातीला एकाच घरात वाढली. 1892 मध्ये हार्वर्डच्या विल्यम जेम्स यांनी केंब्रिजच्या शिक्षकांसमोर मानसशास्त्रावर व्याख्यानं दिली, ती 1899 मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यात त्यांनी शिक्षकांना एक प्रांजळ इशारा दिला होता. मानसशास्त्र हे शास्त्र आहे आणि शिकवणं ही कला आहे. मनाच्या नियमांवरून वर्गात काय करायचं याची तयार कृती मिळेल अशी आशा धरू नका, मधलं काम तुमच्याच कल्पकतेला करावं लागेल. 1894 मध्ये जॉन ड्यूई शिकागो विद्यापीठात गेले तेव्हा तत्त्वज्ञान, मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र या तिन्हींची धुरा त्यांच्याकडे होती. दोन वर्षांत त्यांनी विद्यापीठाचीच एक शाळा काढली. रसायनशास्त्राला जशी प्रयोगशाळा लागते तशी शिक्षणशास्त्राला शाळा लागते, असा त्यामागचा विचार. पुढे ड्यूई न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले आणि 1913 ते 1916 या काळात तिथे शिकणाऱ्या बाबासाहेब आंबेडकरांचे शिक्षक झाले. बाबासाहेबांच्या विचारांवर ड्यूईंचा ठसा किती खोल होता यावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे.

त्याच काळी कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजात एडवर्ड थॉर्नडाइक शिकवत होते. त्यांनी 1903 मध्ये ‘शैक्षणिक मानसशास्त्र’ याच नावाचं पुस्तक लिहिलं. टीचर्स कॉलेज आणि मुख्य विद्यापीठ यांच्यामध्ये एकशेविसावा रस्ता आहे. जगातला सर्वांत रुंद रस्ता तोच, असं तिथली मंडळी म्हणत आली आहेत. ओलांडायला दोन मिनिटं पुरतात, पण अलीकडचे विद्वान पलीकडे फिरकत नाहीत, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे तो रस्ता त्याहून रुंद आहे. मानसशास्त्र विभाग कला शाखेत, बी.एड. महाविद्यालय वेगळ्या इमारतीत, बऱ्याचदा वेगळ्या संस्थेत. एका बाजूचे विद्यार्थी बुद्धिमापन चाचण्या शिकतात आणि दुसऱ्या बाजूचे फळ्यावरचं अक्षर सुधारतात. दोघांची गाठ पडते ती एखाद्या मुलाला ‘मंद’ म्हणून तपासायला पाठवलं जातं तेव्हा, आणि तोवर उशीर झालेला असतो.

थॉर्नडाइक यांनी रॉबर्ट वुडवर्थ यांच्यासोबत 1901 मध्ये जे दाखवलं ते आजही पालकसभेत सांगण्यासारखं आहे. त्या काळी पाश्चात्य शाळांत लॅटिन शिकवण्याचं एक समर्थन असं होतं, की लॅटिनने बुद्धीला धार येते आणि मग ती कुठेही चालते. या दोघांच्या प्रयोगांत दिसलं, की एका कामाचा सराव दुसऱ्या कामाला फारच थोडा उपयोगी पडतो, आणि तोही दोन कामांत जेवढा सारखेपणा असेल तेवढाच. आपल्याकडे लॅटिनच्या जागी पाढे, संस्कृत, अबॅकस किंवा बुद्धिबळ येतं. या प्रत्येकाची स्वतःची किंमत आहे, पण ‘याने डोकं चालायला लागतं’ हा दावा तपासल्याशिवाय फी भरू नये.

बुद्धिमापनाची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण दोन शास्त्रं एकमेकांपासून तुटली की काय होतं ते तिथे दिसतं. पॅरिसमध्ये 1904 साली सरकारने एक समिती नेमली. सगळ्या मुलांना शाळा सक्तीची झाली होती आणि काही मुलं मागे पडत होती, त्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी 1905 मध्ये पहिली चाचणी तयार केली ती या मुलांना ओळखून मदत देता यावी म्हणून. बुद्धी जन्मतः ठरलेली आणि न बदलणारी असते हे म्हणणं बिने यांना मान्य नव्हतं. अशा मुलांसाठी खास वर्ग असावेत, लक्ष देण्याचे, आठवण्याचे व्यायाम असावेत, असं त्यांनी हिरिरीने मांडलं. 1911 मध्ये ते वारले. चाचणी अमेरिकेत गेली, 1916 मध्ये स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन यांनी तिचा नवा अवतार काढला, आणि मदतीसाठी बनवलेलं माप माणसांची प्रतवारी लावायला वापरलं जाऊ लागलं. आकडा मागे उरला आणि त्याच्या पुढे वर्गात काय करायचं, हा शिक्षणाचा भाग गळून पडला.

या चाचणीची एक शाखा आपल्याकडे आली. त्या वेळच्या मुंबई इलाख्यात व्ही. व्ही. कामत यांनी कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बिने चाचणीचं रूपांतर केलं. 1934 मध्ये त्यावर त्यांचा निबंध आला आणि 1940 मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावर पुस्तक. अशा कामात प्रश्नांचं भाषांतर करून भागत नाही. कोणती वस्तू इथल्या मुलाने पाहिलेली असते, कोणता शब्द त्याच्या घरात वापरला जातो, कोणत्या वयाला कोणता प्रश्न बहुतेकांना जमतो, हे सगळं इथल्या मुलांसोबत बसून नव्याने ठरवावं लागतं. ‘बिने-कामत’ हे नाव आजही आपल्या रुग्णालयांत आणि मार्गदर्शन केंद्रांत ऐकू येतं. ते काम किती भक्कम होतं याची ती साक्ष आहेच. पण इतक्या जुन्या मापाने आजचं मूल मोजलं जावं याची खंतही वाटते. मराठी मुलांसाठी नवी, चांगली प्रमाणित साधनं तयार करणं हे पिढ्यांचं राहून गेलेलं काम आहे, आणि दोन्ही विषय जाणणारी माणसंच ते करू शकतील.

आता पालघर जिल्ह्यात जाऊ. दोन विषयांचा संगम आपल्याकडे कुठे घडला असं कुणी विचारलं तर मी विद्यापीठाचं नाव घेण्याआधी कोसबाडच्या टेकडीचं नाव घेईन. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाचं काम करत होत्या. 1926 मध्ये त्यांनी नूतन बालशिक्षण संघाची उभारणी केली. मॉन्टेसरींची पद्धत त्यांनी मनापासून अभ्यासली होती आणि तिचा मानसशास्त्रीय गाभा त्यांना पटला होता: मूल हाताने शिकतं, स्वतःच्या गतीने शिकतं, त्याला बक्षीस आणि शिक्षा लागत नाही. पण ती महागडी साधनं, तो सजवलेला वर्ग, हे खेड्यात येणार कुठून? 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि त्यांनी साधनं बदलली. गोटे, बिया, पानं, शंखशिंपले, मातीची खेळणी. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. मुलं गुरं राखायला जातात तर शाळाही कुरणात न्यायची, म्हणून कुरणशाळा. धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून थोरली बहीण शाळेत येत नाही, तर शाळेलाच पाळणाघर जोडायचं. 1957 मध्ये हे काम कोसबाडला आलं आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी ते ताराबाईंच्या मागेही नेटाने चालवलं. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळालं.

ताराबाईंनी केलं ते नीट पाहिलं तर विल्यम जेम्स ज्याला मधलं काम म्हणत होते तेच हे. मुलाला वस्तू हाताळून कळतं हा मनाचा नियम. डहाणूच्या वारली पाड्यावर ती वस्तू कोणती, ती कुणी आणायची, गुरं चरत असताना किती वेळ मिळतो, हे शिक्षणशास्त्र. पहिल्या भागावर परदेशी पुस्तकं भरपूर आहेत. दुसरा भाग ज्याचा त्याला त्याच्या गावात बसूनच लिहावा लागतो.

याच जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आपल्या काळातला एक महत्त्वाचा अभ्यास झाला. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने, मराठीसाठी वाड्यात आणि कन्नडसाठी यादगीर जिल्ह्यात, पहिली ते तिसरीची मुलं वाचायला-लिहायला कशी शिकतात हे तीन वर्षं पाहिलं. अहवाल 2017 मध्ये आला. वर्गातला बहुतेक वेळ अक्षरं गिरवण्यात, फळ्यावरचं उतरवून घेण्यात आणि एका सुरात म्हणण्यात जात होता. गोष्टीवर बोलणं, अर्थ लावणं, मनातलं लिहिणं याला जागाच नव्हती. तिसरी संपतानाही पुष्कळ मुलांना साधा उतारा धड वाचता येत नव्हता.

इथे लिपीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण वाचनाच्या मानसशास्त्राचा मोठा भाग इंग्रजी वाचणाऱ्या मुलांवर उभा आहे आणि आपलं मूल देवनागरी वाचतं. इंग्रजी मुलाला 26 अक्षरं ओळखावी लागतात. त्याची खरी अडचण पुढे येते, स्पेलिंग आणि उच्चार जुळत नाहीत तेव्हा. मराठी मुलाचं उलट आहे. उच्चार बराचसा लिहिल्याप्रमाणे, पण ओळखायच्या आकृत्या पुष्कळ. क्ष आणि ज्ञ सोडून 34 व्यंजनं धरली आणि प्रत्येकाला बाराखडी लावली तर 408 रूपं होतात, जोडाक्षरं वेगळीच. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेला अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. अशा लिपीतली अक्षरं पक्की व्हायला मुलांना शाळेची काही वर्षं लागतात, एक वर्ष पुरत नाही, असं त्यात दिसलं. कन्नडची घडण आपल्या लिपीसारखीच आहे. मग पहिलीच्या दिवाळीपर्यंत बाराखडी यायलाच हवी, हा हट्ट आपण कशाच्या जोरावर धरतो?

‘किती’ हा शब्द पाहा. डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्या मुलाला आधी वेलांटी भेटते आणि मग क. उच्चारात मात्र क आधी आणि इ नंतर. डोळ्यांचा क्रम आणि जिभेचा क्रम इथे जुळत नाही. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी हिंदी वाचकांवर केलेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशी पहिली वेलांटी असलेले शब्द वाचायला जास्त वेळ लागतो असं आढळलं. त्यात आपल्या बोलण्यात पहिल्या आणि दुसऱ्या वेलांटीतला फरक फारसा ऐकूच येत नाही. मूल ‘कीती’ लिहितं तेव्हा त्याने कानाला ऐकू आलं ते प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. र या एका व्यंजनाचे चेहरे मोजा: सूर्य, चक्र, राष्ट्र, वाऱ्यावर, आणि साधा र वेगळा. च तर एकच अक्षर असून ‘चहा’मध्ये एक उच्चार आणि ‘चाक’मध्ये दुसरा, आणि लिपीत त्याची काही खूण नाही. मूल ते शब्द ओळखूनच शिकतं, म्हणजे अर्थाच्या आधाराने. म्हणून अर्थाला बाजूला ठेवून नुसती अक्षरं घोकवणं मराठीत विशेष नुकसानीचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

पाचवीतल्या मुलाने ‘सूर्य’ हा शब्द ‘सुर्य’ किंवा ‘सुरय’ असा लिहिला, तर त्यावर दोन प्रकारची माणसं दोन गोष्टी करतील. एक लाल शाईने गोल करून दहा वेळा लिहायला सांगेल. दुसरा अध्ययन अक्षमतेची शंका घेऊन मुंबई-पुण्याच्या केंद्राचा पत्ता देईल. दोन्ही विषय शिकलेला माणूस आधी वेगळं करून पाहील. ‘सुर्य’मध्ये रफार जमला आहे, उकार चुकला आहे, आणि उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ फरक कानाला कळत नाही. ‘सुरय’मध्ये ध्वनी बरोबर ऐकले आहेत, जोडाक्षर लिहिण्याची रीत आलेली नाही. या मुलाला रफार कुणी समजावून सांगितला होता का? आणि शिकवूनही, पुष्कळ सरावानेही, वर्षभर अशाच चुका होत राहिल्या तर मात्र तज्ज्ञाकडे नेलंच पाहिजे.

या तज्ज्ञाच्या कामातही भाषेचा प्रश्न येतो. विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती देण्यात महाराष्ट्राने 1996 मध्येच पाऊल उचललं होतं, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत या अक्षमतेचा समावेश झाला. पण मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी चाचणी लावली तर कळणार काय? मुलाला इंग्रजी येत नाही, एवढंच. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चार भाषांसाठी ‘डाली’ नावाची चाचणी तयार केली, ती या दिशेने टाकलेलं मोलाचं पाऊल आहे. पाड्यावर वारली, घरी अहिराणी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाचं काय, हा पुढचा प्रश्न आणखी अवघड आहे. त्या मुलाच्या दृष्टीने प्रमाण मराठी ही शाळेत भेटलेली नवी भाषा असते, आणि तिच्यात अडखळणं हा आजार नव्हे.

दोन विषय जवळ ठेवले की शिक्षकांच्या खोलीत फिरणाऱ्या चुकीच्या समजुतीही पारखता येतात. ‘अमुक मूल डोळ्यांनी शिकणारं, तमुक कानांनी’ ही अध्ययनशैलींची वाटणी प्रशिक्षणांत सर्रास सांगितली जाते. हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये उपलब्ध संशोधन तपासलं. शैलीनुसार शिकवल्याने मुलं जास्त शिकतात असं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. याउलट ज्याला भक्कम पुरावा आहे ती गोष्ट आपण परीक्षेच्या भीतीत हरवून बसलो आहोत. 2006 मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा दुसऱ्यांदा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने पाहिलं तर पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. पुस्तक मिटून आठवणं हाच अभ्यास आहे. पण वर्गात हे करायचं तर त्या लिहिण्याला गुण देऊन चालणार नाही, नाहीतर मूल शेजारच्याच्या वहीत पाहील. प्रयोगातला निष्कर्ष वर्गात टिकवायला ही जाण लागते, आणि ती मानसशास्त्राच्या पुस्तकात नसते.

ज्यांना हे शिकायचं आहे त्यांच्यासमोर वाटा कोणत्या? महाराष्ट्रात अकरावीपासून कला शाखेत मानसशास्त्र घेता येतं. पदवीला मानसशास्त्र आणि नंतर दोन वर्षांचं बी.एड. हा रुळलेला मार्ग. यात एक खाचखळगा आहे. दहावीपर्यंत शाळेत मानसशास्त्र हा विषयच नसतो, त्यामुळे बी.एड.ला अध्यापनाचा विषय निवडताना मराठी, इंग्रजी, इतिहास असा एखादा शालेय विषय पदवीपासून हाताशी असलेला बरा. कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवायचं तर एम.ए. आणि बी.एड. दोन्ही हवं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 2030 पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच किमान पात्रता व्हावी असं म्हटलं आहे, आणि 2023-24 पासून निवडक संस्थांत असा अभ्यासक्रम सुरू झाला. दिल्ली विद्यापीठात 1994 मध्ये सुरू झालेला बी.एल.एड. हा चार वर्षांचा अभ्यासक्रम या कल्पनेचं आपल्या देशातलं आधीचं एक मोठं रूप. त्यात बालविकास आणि आकलन यांबरोबर मुलांचं निरीक्षण हा स्वतंत्र प्रात्यक्षिकाचा भाग होता. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने 2006 मध्ये प्राथमिक शिक्षणातलं एम.ए. सुरू केलं, तिथेही बालविकास आणि आकलन हे अभ्यासाचा गाभा होते.

परदेशी जाणाऱ्यांसाठी एक सूचना. ब्रिटनमध्ये मानसशास्त्र आणि शिक्षण अशा जोड पदव्या अनेक विद्यापीठांत आहेत, पण पुढे शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर पदवीला ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता लागते आणि नंतर डॉक्टरेट. प्रवेश घेण्याआधी ही मान्यता तपासा. इथेही लक्षात ठेवा, दोन्ही विषय शिकल्याने कुणी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होत नाही. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. समुपदेशक, विशेष शिक्षक, पाठ्यपुस्तक लिहिणारे, चाचण्या बनवणारे, शिक्षक घडवणारे, अशी कामं या जोडशिक्षणातून उघडतात. सीबीएसईच्या संलग्नता नियमांत समुपदेशक आणि विशेष शिक्षक नेमण्याची अट आहे. आपल्या जिल्हा परिषद शाळांतल्या मुलांना मात्र शाळेतच भेटणारा समुपदेशक अजून मिळालेला नाही.

राज्याच्या शिक्षक पात्रता परीक्षेत 150 पैकी 30 गुण बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला आहेत. त्या 30 गुणांसाठी पियाजेच्या चार अवस्था, व्हिगॉट्स्कीचं समीपस्थ विकासक्षेत्र आणि थॉर्नडाइकचे नियम पाठ करून हजारो उमेदवार उत्तीर्ण होतात. अस्वलाची गोष्ट त्यांच्यापैकी किती जणांच्या कानावर गेली असेल? हे सगळं चार पर्यायांच्या प्रश्नांतून विचारता येत नाही, कारण ते मुलासमोर बसूनच कळतं. बी.एड. दोन वर्षांचं झालं तेव्हा राष्ट्रीय निकषांत शाळेतल्या कामासाठी 20 आठवडे ठेवले गेले. ते आठवडे खरोखर शाळेत घालवले जातात की फक्त नोंदवहीत, यावर त्या पदवीची किंमत ठरते.

तेव्हा या जूनमध्ये तुमच्या घरातलं कुणी प्रवेशअर्ज भरत असेल, तर महाविद्यालयात निकालाची टक्केवारी आणि नोकरीची हमी विचारून झाल्यावर आणखी एक गोष्ट जरूर विचारा: पहिल्या वर्षात शिकवायला उभं राहण्याआधी किती दिवस एका मुलाशेजारी बसून, काही न शिकवता, ते काय करतं हे नुसतं लिहून काढायला मिळेल? उत्तर ‘एकही नाही’ असं आलं, तर दुसऱ्या महाविद्यालयाची पायरी चढा.